घडीचा फोन

परवा नातू म्हणाला, "आजोबा, मला नवा रेझर घ्यायचाय. स्क्रीनच मधोमध दुमडतो!" मोटोरोलाने २०१९ मध्ये जुन्याच नावाने हा घडीचा फोन पुन्हा आणला. मी सवयीने विचारणार होतो, कॅमेरा कसा, बॅटरी किती टिकते... पण गप्प बसलो. २००६ मध्ये हेच प्रश्न विचारून मी घरातल्या एका माणसाचा आनंद नासवला होता.

तेव्हा मुलाने पहिल्या बोनसमधून आईसाठी रेझर व्ही३ आणला. चंदेरी, वजन ९५ ग्रॅम, मिटल्यावर जाडी १३.९ मिलिमीटर. घरातले सगळे नुसती उघडझाप करत बसले. मी पडलो मास्तर! कागद घेतला आणि गुणपत्रिका मांडली. कॅमेरा व्हीजीए, म्हणजे एक मेगापिक्सेलसुद्धा नाही. मेमरी पाचेक एमबी आणि वर कार्ड घालायला जागा नाही. रेडिओ नाही. बटणं पत्र्यातून कोरलेली, दिसायला देखणी, पण न बघता पाच कुठे नि आठ कुठे हे अंगठ्याला कळेना. माझा नोकिया ११०० त्याच्यापुढे अगदीच ढब्बू. कॅमेरा तर त्याला मुळातच नव्हता. पण धूळ आत जाऊ नये असा रबरी कीपॅड होता, आणि डोक्यावर बॅटरी! आमच्या दिवाळ्याच्या जेट्टीवर पहाटेच्या अंधारात होडीत पाय टाकणाऱ्याला त्या बॅटरीची किंमत विचारा. मासळी बाजारातल्या ओळखीच्या मावशींना मुद्दाम रेझर दाखवला तर म्हणाल्या, "मास्तर, याला बॅटरी नाय? मंग पैशे कशाचे?" हे वाक्य मी पुढे महिनाभर ज्याला त्याला ऐकवलं. सौ.च्या समोरसुद्धा.

ती काही बोलली नाही. फोन मात्र तिने सात वर्षं वापरला.

तो का आवडतो हे मला फार उशिरा दिसलं. बेलापूरहून लोकलच्या गर्दीत चढताना तिच्याजवळ एक चिमुकली पर्स असे. त्यात हाच फोन मावायचा. स्क्रीन आत, त्यामुळे किल्ल्यांनी ओरखडे नाहीत. बटणंही आत. मी कीपॅड लॉक करायला विसरायचो, आणि माझ्या खिशातून मुख्याध्यापकांना दोनदा आपोआप फोन गेला होता. ते वेगळंच प्रकरण, असो. कोण बोलवतंय ते बाहेरच्या छोट्या स्क्रीनवर दिसे, मग उघडायचा की नाही ते ती ठरवी.

आणि तो मिटल्याचा आवाज! गावच्या जमिनीवरून एका नातलगांचे फोन यायचे (नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांना कळेल). ती शांतपणे ऐकायची, "बरं, ठेवते," म्हणायची आणि टप्पकन फोन मिटायची. आमच्या घरात शेवटचा शब्द तिला एरवी कधी मिळाला होता? माझ्या गुणपत्रिकेत या सगळ्याला रकानाच नव्हता.

बॅटरीबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. जेट्टीवर जाणाऱ्याने ११००च घ्यायला हवा होता. पण ती जेट्टीवर जात नव्हती, हे मला कळायला हवं होतं.

ती गेल्यावर तो फोन कपाटातून काढला. चार्ज होत नाही. मिटतो मात्र अजून तसाच. नातवाच्या हातात दिला, तर त्याने पाच-सहा वेळा टप्-टप् केलं आणि हसला. म्हटलं, दुकानात जाऊन नवाही असाच मिटून बघ. आणि हो, तो दुमडणारा स्क्रीन बिघडला तर दुरुस्तीला किती लागतात, तेवढं विचारून ये. निम्मे पैसे मी देईन.