साक्ष फक्त यशस्वी लोकांनीच द्यायची का?

अमेरिकेतल्या मराठी ख्रिस्ती घरांमधल्या प्रार्थनासभांना तुम्ही जात असाल, तर तिथल्या साक्षी कशा असतात हे सांगायला नको. व्हिसा लागला, प्रभूची स्तुती असो. मुलीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला, घराचं कर्ज मंजूर झालं, प्रभू विश्वासू आहे. सगळे ‘आमेन’ म्हणतात आणि पानं वाढली जातात. आभार मानायला माझी हरकत नाही. परक्या देशात सगळा संसार एका कागदावर टांगलेला असतो. माझा पोस्टडॉकचा करारही दर वर्षी नव्याने होतो. माझा आक्षेप आहे तो तिथे कधीच न दिल्या जाणाऱ्या साक्षींबद्दल.

नोकरी गेलेल्याने त्या सभेत काय बोलावं? एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी सुटली, की त्याला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधायची, व्हिसाचा प्रकार बदलायला अर्ज करायचा, नाहीतर सामान बांधायचं. अशा माणसासाठी आपण ‘प्रार्थनेची विनंती’ हा वेगळा कप्पा ठेवलाय. त्याच्या गोष्टीची साक्ष होते ती दुसरी नोकरी लागल्यावरच. नाही लागली, तर तो हळूहळू यायचा थांबतो, आणि आपण म्हणतो, बिझी असेल बिचारा.

याला श्रद्धा म्हणू नका. ‘सेटल झालात का?’ ही आपली जुनीच मोजपट्टी, तिला आपण फक्त बाप्तिस्मा दिलाय. विद्यापीठाची मोजपट्टी त्यापेक्षा सरळ. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली एच-इंडेक्स सुचवला. तुमच्या 20 शोधनिबंधांचा इतरांनी प्रत्येकी निदान 20 वेळा संदर्भ दिला असेल, तर तुमचा आकडा किमान 20. माणूस मोजायला हे तुटपुंजंच आहे, पण त्यात देवाची सही तरी कोणी मागत नाही.

मत्तयाच्या 20व्या अध्यायातले मजूर आठवा. आपल्या मजूर नाक्यावर असतात तसे चौकात उभे. काही पहाटे कामावर गेले, काहींना दिवस मावळायला तासभर उरला तेव्हा बोलावणं आलं. इतका वेळ रिकामे का, असं विचारल्यावर ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. आणि संध्याकाळी मजुरी सगळ्यांना सारखीच! पीएचडीसाठी उमेदीची वर्षं घालवलेल्याला हा दाखला झोंबतो. झोंबू दे, पहाटेच्या मजुरांनीही कुरकूर केलीच होती. पण मी ऐकलेल्या प्रवचनांत 20वा अध्याय कमी आणि 25वा फार. 25व्यात चाकर धन्याचे पैसे दुप्पट करतात ना!

‘पण पंडिता रमाबाई?’ असं कोणी विचारेल. जरूर विचारा. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या, इथे नाव कमावलं, पुस्तक लिहिलं, परत जाऊन शारदा सदन आणि पुढे केडगावचं मुक्ती सदन उभारलं. आपण सांगतो ते एवढंच. पण आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा आईच्या आधी गेली. त्या वर्षी रमाबाई आपल्या दिवाणखान्यात येऊन बसल्या असत्या, तर त्यांना आपण साक्ष द्यायला उभं केलं असतं, की त्यांचं नाव विनंत्यांच्या यादीत लिहिलं असतं?

पुढची सभा तुमच्या घरी असेल, तर ज्याचं काम झालेलं नाही त्याला आधी बोलू द्या. आणि त्याचं बोलणं संपल्याबरोबर ‘प्रभू दुसरं दार उघडेल’ असं कोणी म्हणायला लागलं, तर त्याला थांबवा.