संगमावरची सीमा

पारिभाषिक शब्दाला व्यवहारातला अर्थ चिकटून येतो, हे भाषेच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको. गणितातील ‘सीमा’ हा त्याचा ठळक नमुना. व्यवहारात सीमा म्हणजे हद्द, जिथे थांबायचे ती रेषा. कलनशास्त्रातील सीमा मात्र त्या बिंदूवर काय आहे हे विचारतच नाही. त्याच्या जवळ जाता जाता मूल्य कशाकडे झुकते, एवढेच विचारते. हा भेद न उमगल्यामुळे सीमा काढणे म्हणजे ‘क्ष’च्या जागी आकडा घालणे, अशी विद्यार्थ्यांची समजूत होऊन बसते.

नीरा नरसिंहपूरचा संगम पाहा. इंदापूर तालुक्याच्या टोकाला, लक्ष्मीनृसिंहाच्या मंदिरापाशी नीरा भीमेला मिळते. पलीकडे सोलापूर जिल्हा. व्यवहारातली सीमा इथे आहेच. गणितातली पाहायची तर भीमेच्या काठाने वरून संगमाकडे यावे आणि खालून, पंढरपूरच्या बाजूनेही यावे. पाण्याची पातळी दोन्हीकडून एकाच उंचीकडे येते, आणि संगमावर असते तीही तीच. हे सांतत्य. आता पातळीऐवजी विसर्ग मोजा. वरून येताना तो एकट्या भीमेचा, खालून येताना भीमा-नीरेच्या बेरजेचा. पुराच्या दिवसांत पंढरपूरकर उजनीसोबत वीर धरणाचाही आकडा ऐकतात तो याचसाठी. संगम हा एक बिंदू मानला तर विसर्गाला तेथे सीमा नाही, उडी आहे. नदी एकच, जागाही तीच; पातळी संतत, विसर्ग खंडित. तेव्हा ‘नदी अखंड वाहते’ एवढ्याने काहीच ठरत नाही. अखंड काय, ते सांगावे लागते.

हे सांगणे शेवटी वाक्यरचनेवर येते. कोशीने १८२१ साली सीमेची व्याख्या शब्दांतच केली होती. आजची चिन्हांकित मांडणी नंतरची. मराठीत ती अशी सांगता येईल : कोणी कितीही लहान फरक मागो, त्याला पुरेल एवढी जवळीक दाखवता येते. आता क्रम बदला : अशी एक जवळीक आहे की कोणी कितीही लहान फरक मागो, ती पुरतेच. शब्द जवळपास तेच. पण हे दुसरे वाक्य, त्या बिंदूभोवती मूल्य मुळी बदलतच नसेल, तरच खरे ठरते. पहिल्यात जवळीक मागणीनुसार ठरते, दुसऱ्यात मागणीआधीच ठरलेली असते.

मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी विज्ञान शाखेत गेला की ही व्याख्या बहुधा इंग्रजीतून, तीही चिन्हांत, प्रथम पाहतो. ती त्याला कळली नाही की गणित कच्चे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक त्याची अडचण ‘कोणतेही’ आणि ‘एखादे’ यांच्या क्रमाची, म्हणजे अन्वयाची असते. ओवीचा अन्वय लावून दाखवणाऱ्या शिक्षकाला या दोन वाक्यांसाठी एक तासिका देणे जड जाऊ नये. गणिताच्या वर्गात हरवलेली काही मुले कदाचित मराठीच्या वर्गात सापडतील.