दुधाचा भाव आणि गोठ्यातील मुके जनावर

दूध हा नाशवंत माल आहे. ज्वारीचा भाव पडला तर ती चार महिने कणगीत ठेवता येते; दूध मात्र धार काढल्यापासून काही तासांत संकलन केंद्रावर पोचलेच पाहिजे. त्यामुळे भावासाठी अडून बसण्यास उत्पादकाला अवसरच मिळत नाही. उसाला केंद्र सरकार दरवर्षी रास्त व किफायतशीर दर ठरवून देते आणि तो देणे कारखान्यांवर बंधनकारक असते. दुधाला तसे संरक्षण नाही. भुकटी व लोणी यांचे बाजारभाव उतरले की पहिला तडाखा गाईच्या दुधाच्या खरेदीदराला बसतो. जुलै २०१८ मधील दूध आंदोलन आणि जानेवारी २०२४ पासून राज्य शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे दिलेले ५ रुपयांचे अनुदान, ही दोन्ही ह्याच दुखण्याची लक्षणे होत.

भावाच्या चर्चेत शेतकऱ्याचे नुकसान सर्वांना दिसते. त्याच्या जनावराचे सहसा कोणी मोजत नाही. ते मोजून पाहू. १० लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, असे साडेपाच किलो आंबोण लागते. किलोला ३० रुपये धरले तर त्याचेच १६५ रुपये होतात. दुधाला ३५ रुपये मिळाले तर १८५ रुपये उरतात; २८ रुपये मिळाले तर अवघे ११५. ओली वैरण, कडबा, औषधपाणी, घरच्या माणसांचे श्रम आणि भाकड काळातील पोषण हे सारे त्यातूनच भागवावयाचे. भाव एक पंचमांश उतरला, पण उरणारी रक्कम तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटली.

मग काटकसर कोठे होते? प्रथम आंबोणात. गाय काही दिवस स्वतःचे अंग झिजवून दूध देते. पुढे दूध आटते, ती वेळेवर माजावर येत नाही व भाकड काळ लांबतो. दुधातील घन पदार्थही घटतात. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ह्या प्रतीखाली दूध गेले की दर आणखी कापला जातो. अशा रीतीने कमी भाव गाईला उपाशी ठेवतो आणि उपाशी गाय भाव आणखी कमी करते.

दुसरी झळ वासराला बसते. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत त्याला वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक मिळाला पाहिजे. पण गोऱ्हा असेल तर तेवढेही पदरी पडत नाही. राज्यात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने व बैलांच्या कत्तलीस मार्च २०१५ पासून बंदी आहे. कायदा पाळावयाचाच, परंतु भाकड जनावराच्या पोषणाचा भार त्यामुळे एकट्या उत्पादकावर पडतो आणि दुधाच्या दरात त्याचा हिशेब कोणीच धरीत नाही. ह्या अनास्थेची फळे रस्त्यावरील मोकाट जनावरे भोगीत आहेत.

भाव वाढविल्यास ग्राहकावर बोजा पडेल, असे म्हटले जाते. परंतु खरेदीदर उतरला म्हणून शहरातील पिशवीचा दर त्याच प्रमाणात उतरल्याचे क्वचितच अनुभवास येते. उत्पादनखर्चाशी जोडलेला किमान दर हंगामापूर्वीच जाहीर व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. अडचणीच्या वेळी दिलेले अनुदान म्हणजे मलमपट्टी. तिने रोग हटत नाही.

तोवर शेतकरी बंधूंनी एक पथ्य पाळावे. वासराचा चीक, स्वच्छ पाणी, जंताचे औषध व लाळ्या-खुरकुताची लस यांत कपात करू नये. ही लस सरकारतर्फे वर्षातून दोनदा मोफत टोचली जाते. खर्च वाचवावयाचा तर बांधावर बहुवार्षिक गवत लावून, कडब्याची कुट्टी करून आणि पोसवतील तेवढीच जनावरे ठेवून वाचवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी निदान पाच गोठ्यांचा वर्षभराचा जमाखर्च उत्पादकांकडून लिहून घ्यावा. दूध संस्थेच्या सभेत नुसती तक्रार विरून जाते. लिटरमागचा खर्च आकड्यांनी मांडला तर त्याला उत्तर द्यावे लागते. मुक्या जनावराला आपले गाऱ्हाणे सांगता येत नाही. ते त्या वहीत नोंदले गेले पाहिजे.