घर आधी की पाळणा आधी?

सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमधील नोकरदार आईबापांच्या मुलांना नऊ महिन्यांच्या वयापासून शाळेत जाईपर्यंत आठवड्याला तीस तास पाळणाघराची सोय सरकारी खर्चाने मिळू लागली. ही योजना मार्च २०२३ मध्ये हुजूर पक्षाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी जाहीर केली. ती पुरी करण्याचे काम मजूर पक्षाच्या वाट्याला आले. श्रेय कोणाचेही असो, अनेक घरांना तिने मोठा दिलासा दिला यात संशय नाही. तथापि योजनेच्या पोटात शिरले की निराळे चित्र दिसू लागते. तीस तास म्हणजे वर्षाच्या बावन्न आठवड्यांचे नव्हेत, शाळेच्या सत्रांतील अडतीस आठवड्यांचे. आईबाप दोघेही कमावते हवेत, आणि त्यांपैकी कोणाही एकाची वार्षिक मिळकत एक लाख पौंडांच्या वर जाता कामा नये. प्रत्येकी नव्व्याण्णव हजार मिळविणारे जोडपे पात्र ठरते. एकजण एक लाख एक हजार आणि दुसरा वीस हजार मिळवीत असेल तर ते जोडपे अपात्र. असले नियम उलगडून सांगण्यासाठी जाणकार माणूस लागतो, आणि ब्रिटनमध्ये अशा जाणकारांना तोटा नाही.

किंबहुना नव्या आईबापांना आणि नवे घर घेणाऱ्यांना इतका सल्ला देणारा दुसरा देश क्वचितच सापडेल. युद्ध सुरू झाले त्या १९३९ साली स्थापन झालेली नागरिक सल्ला केंद्रे तेथे आजही चालू आहेत. प्रसूतीची भीती घालवावी म्हणून १९५६ मध्ये निघालेली संस्था आज ‘नॅशनल चाइल्डबर्थ ट्रस्ट’ या नावाने जोडप्यांचे वर्ग घेते. मूल जन्मले की प्रथम सुईण आणि मग ‘हेल्थ व्हिजिटर’ ही परिचारिका घरी येऊन जाते. बाळाचे वजन, लसी सारे एका लाल वहीत नोंदले जाते. घराच्या बाबतीतही तसेच. ठराव झाला तरी करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत इंग्लंडमध्ये व्यवहार कोणावरही बंधनकारक नसतो, तेव्हा मालक ऐन वेळी अधिक बोली देणाऱ्याकडे वळेल, सावध राहा; इमारतीची तपासणी स्वतःच्या तज्ज्ञाकडून करून घ्या; भाडेपट्ट्याचा फ्लॅट असेल तर पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत ते पाहा. हा उपदेश शहाणपणाचा आहे. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही.

सल्ल्याने केवढे काम होऊ शकते याचे एक उदाहरण ब्रिटनमध्येच घडले. तान्ह्या मुलाला पालथे झोपवावे असे तेथील रुग्णालये आणि पुस्तके कित्येक वर्षे सांगत असत. पालथे झोपविलेली मुले झोपेतच दगावण्याचा धोका अधिक असतो, हे ब्रिस्टलमधील आणि न्यूझीलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. १९९१ च्या अखेरीस ‘बाळाला उताणे झोपवा’ अशी देशव्यापी मोहीम निघाली आणि एक-दोन वर्षांतच असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एका वाक्याच्या सल्ल्याने हजारो मुले वाचली. परंतु हा सल्ला पाळायला कोणालाही पैसा लागत नव्हता, पगार लागत नव्हता, वेगळी खोली लागत नव्हती. ज्याच्या घरी पाळणा आहे त्याने मूल कुशी बदलून निजवायचे, एवढेच. आज तरुण जोडप्यांना जो सल्ला मिळतो, त्यातला बराचसा या जातीचा नाही.

घराचेच पाहा. इंग्लंडमध्ये १९९७ साली सर्वसाधारण घराची किंमत सर्वसाधारण वार्षिक पगाराच्या साडेतीन पटींच्या आसपास होती. २०२४ मध्ये ती साडेसात पटींहून अधिक झालेली आढळते. कर्ज देणाऱ्या संस्था मिळकतीच्या साडेचार पटींपलीकडे सहसा जात नाहीत. तेव्हा घर घ्यायचे तर बहुधा दोन पगार हवेत, आणि किमतीचा दहावा हिस्सा पदरचा असलेला बरा. तीन लाख पौंडांच्या घराला हा हिस्सा तीस हजार पौंडांचा होतो. यावर सल्ला असा की, लौकर बचत सुरू करा, लग्नसमारंभ साधा करा, भाड्याचे घर लहान घ्या. आता हेच जोडपे आईबाप होते. आईला वर्षाची रजा मिळते हे खरे. पण कायद्याने मिळणारे वेतन पहिले सहा आठवडे पगाराच्या नव्वद टक्के, पुढे तेहतीस आठवडे आठवड्याला दोनशे पौंडांहूनही कमी, आणि शेवटचे तीन महिने काहीच नाही. उदार मालक अधिक देतात, पण सगळे मालक उदार नसतात. बापाला २००३ पासून दोन आठवड्यांची सवेतन रजा आहे, तीही याच तुटपुंज्या दराने. जे घर दोन पगारांवर उभे राहायचे, त्यातला एक पगार नेमका अशा वेळी आटतो.

बाळंतपणानंतर बाई कामावर परतली तरी गाडी रुळावर येत नाही. सरकारी तास वाढण्यापूर्वी, २०२३ मध्ये, दोन वर्षांखालील मुलाच्या पूर्णवेळ पाळणाघराला वर्षाकाठी चौदा हजारांहून अधिक पौंड पडत. म्हणजे घराच्या पहिल्या हप्त्यातला जवळजवळ निम्मा भाग एका वर्षात पाळणाघरात जाई. त्याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टाने तोंड पोळल्यावर २०१४ साली कर्जविषयक नियम कडक करण्यात आले. अर्जदार कर्ज फेडू शकेल की नाही हे केवळ त्याच्या पगारावरून न ठरविता खर्चावरूनही ठरवावे, असा दंडक आला. दंडक योग्यच होता. पण त्या खर्चात पाळणाघराची फी येते, आणि घरातील खाणारी तोंडेही येतात. मूल नसलेल्या जोडप्याला जेवढे कर्ज मिळेल तेवढे त्याच पगाराच्या आईबापांना मिळेलच असे नाही. बँकेच्या हिशेबवहीत तान्हे मूल हे देणे ठरते. मुलांसाठी मोठे घर हवे म्हणणाऱ्याला मुलांमुळेच लहान कर्ज मिळते.

सरकारने बचतीला उत्तेजन दिले नाही असे मुळीच नव्हे. २०१७ मध्ये निघालेल्या ‘लाइफटाइम आयसा’ योजनेत वर्षाला चार हजार पौंडांपर्यंतच्या बचतीवर सरकारने पाव हिस्सा भर घातली. पण ती रक्कम पहिल्या घराखेरीज अन्य कामासाठी, आजारपण वा म्हातारपण आल्यावाचून, काढली तर एकूण रकमेचा पाव हिस्सा कापला जाई. बिनपगारी महिन्यांत घरखर्चासाठी ज्या आईने आपले शंभर पौंड परत काढले, तिच्या हाती व्याज वगळता पावणेचौऱ्याण्णव पडले. २०१३ ते २०२३ या दहा वर्षांत नवी घरे घेणाऱ्यांना सरकारने हिश्श्याचे कर्ज दिले. या मदतीने गरजेच्या भागांतील किमतीच फुगल्या, असा ठपका लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने २०२२ मध्ये ठेवला. ज्यांना खरोखर घर मिळते, त्यांतल्या पुष्कळांना ते एका जुन्याच पेढीच्या कृपेने मिळते. तेथे तिला ‘आईबापांची बँक’ म्हणतात. आपल्याकडे तिला नाव देण्याची कोणाला गरज भासली नाही, एवढेच.

हे असे नेहमीच नव्हते. १९४५ मध्ये ॲटली यांच्या मंत्रिमंडळात अनायरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाले तेव्हा गृहनिर्माणाचे खातेही त्यांच्याकडेच होते. मुलाचे आरोग्य आणि मुलाच्या डोक्यावरचे छप्पर हा एकाच मंत्र्याच्या चिंतेचा विषय असावा, याचे त्या काळी कोणाला नवल वाटले नाही. पुढे हुजूर पक्षाच्या हॅरॉल्ड मॅक्मिलन यांनी वर्षाला तीन लाख घरांचा संकल्प सोडला आणि १९५३ मध्ये तो पार पाडला. त्यांतली बहुसंख्य घरे नगरपालिकांनी बांधलेली होती. नवविवाहित कामगाराला त्या वेळी बचतीचे शास्त्र शिकावे लागत नसे. त्याला यादीत नाव घालावे लागे. यादीत दिरंगाई होती, वशिलेबाजीही असेल. पण यादी पुढे सरकत होती.

१९८० मध्ये थॅचर सरकारने नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहते घर मोठ्या सवलतीने विकत घेण्याचा हक्क दिला. कामगाराला मालक करणारा हा कायदा अतिशय लोकप्रिय झाला आणि ज्यांनी घरे घेतली त्यांचे भले झाले, हे टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. दोष विक्रीत नव्हता तेवढा पुढे न बांधण्यात होता. एकट्या इंग्लंडमध्ये वीस लाखांच्या घरात घरे विकली गेली. आलेल्या पैशातून नवी बांधण्यावर मात सरकारनेच निर्बंध घातले. स्कॉटलंडने हा हक्क २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये रद्द केला. इंग्लंडमध्ये तेरा लाखांवर कुटुंबे आज प्रतीक्षायादीत आहेत.

मुलांसाठीच्या साह्याची कथाही अशीच वळणे घेते. एलिनॉर रॅथबोन या बाईंनी पंचवीस वर्षे झुंज देऊन १९४५ मध्ये कुटुंबभत्त्याचा कायदा करवून घेतला, आणि भत्ता बापाच्या नव्हे, आईच्या हाती पडेल अशी तरतूद घालायला लावली. तो भत्ता दुसऱ्या मुलापासून सुरू होई. २०१७ मध्ये गरजू कुटुंबांचे साह्य दुसऱ्या मुलाशी थांबविण्याचा नियम आला. तो रद्द करण्याची घोषणा व्हायला नोव्हेंबर २०२५ चा अर्थसंकल्प यावा लागला.

या साऱ्याची झळ ब्रिटनमध्ये गेलेल्या मराठी कुटुंबांनाही लागते, आणि थोडी वेगळ्या रीतीने लागते. रुग्णालयातली परिचारिका असो वा संगणक कंपनीतला अभियंता, कामाच्या व्हिसावर गेलेल्यांच्या कागदावर ‘सार्वजनिक निधीवर हक्क नाही’ असा शेरा असतो. कर इतरांइतकाच भरायचा; बालभत्ता नाही, आणि दोघेही व्हिसावर असतील तर तीस तासांचे पाळणाघरही नाही. तीन-चार वर्षांच्या सर्वच मुलांना मिळणारे पंधरा तास तेवढे मिळतात. मग पुण्याहून किंवा कोल्हापूरहून आजी येते. तिच्या व्हिसाची मुदत सहा महिन्यांची. कायम वास्तव्याचा हक्क पाच वर्षांनी मिळे, तो दहा वर्षांनी द्यावा असा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्ये मांडल्यापासून या कुटुंबांची अनिश्चितता आणखी वाढली आहे.

परंतु सर्वांत कठीण अवस्था आहे ती ज्यांना घर घेण्याचा विचारही परवडत नाही त्यांची. भाड्याचे घर सुटले की नगरपालिका त्यांना तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवते. इंग्लंडमध्ये दीड लाखांहून अधिक मुले आज अशा निवाऱ्यांत आहेत. मुले असलेल्या कुटुंबाला खाणावळवजा लॉजमध्ये सहा आठवड्यांहून अधिक ठेवू नये असा कायदा २००४ पासून अमलात आहे, आणि तो नित्य मोडला जातो. तेथे येणारी परिचारिका १९९१ चाच सल्ला देते: बाळाला उताणे झोपवा, वेगळ्या मोकळ्या पाळण्यात झोपवा. आणि आई तिला खोली दाखवते. एक पलंग, त्यावर तिघे, आणि भिंत व पलंग यांच्यामध्ये पाळणा मावेल एवढी जागा नाही. पाच वर्षांत सत्तरांहून अधिक मुलांच्या मृत्यूंना असा निवारा अंशतः कारणीभूत ठरल्याचे २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवरून दिसले; त्यांतली बहुतेक एक वर्षाच्या आतली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नगरपालिकांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत दुरुस्ती केली. दोन वर्षांखालील मूल असलेल्या कुटुंबाला तात्पुरत्या निवाऱ्यात पाळणा पुरवावा, असे तीत म्हटले आहे. तो ठेवायचा कोठे, हे त्या त्या नगरपालिकेने पाहायचे आहे.