संकल्प पुरे, एक ओवी लिहा

‘आधी प्रेरणा हवी’ असं जो म्हणतो, त्याचं काम कधी होत नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण तो माणूस मीच होतो.

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा ठरवलं, आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून काढायच्या. तीन वह्या आणल्या. मग सवड हवी, मग निवांतपणा हवा, मग पाडव्याचा मुहूर्त! ११ वर्षं गेली. त्या ओव्या पाठ असलेली आत्याही गेली. वह्या कोऱ्याच.

हल्ली व्याख्यानांतून सांगतात, ‘मोठी स्वप्नं पाहा.’ अहो, स्वप्नाच्या ओझ्याखालीच तर माणूस बसकण मारतो! पांडुरंग वामन काणे मुळात ‘व्यवहारमयूखा’ची प्रस्तावना लिहायला बसले होते. तिच्यातून धर्मशास्त्राचा इतिहास वाढत गेला. वकिली सांभाळून लिहिलेला! पहिला खंड १९३० साली आला, पाचवा १९६२ साली. तेव्हा वय ८२. इतकी वर्षं प्रेरणा टिकत नसते, बैठक टिकते.

‘ते विद्वान, आम्ही सामान्य’ असं म्हणाल. मग रोजचा वाटा लहान घ्या, पण घ्या. मी आता सकाळच्या चहानंतर एकच ओवी लिहितो. पुरती आठवली नाही तर अर्धी. पहिली वही भरली. आत्याला ठाऊक असलेल्या कितीतरी ओव्या मात्र कायमच्या गेल्या. माझ्या मुहूर्तांची ती किंमत.

तुमचं काय अडलंय? ज्यांना विचारायचंय, ती माणसं आहेत तोवर वही उघडा.