दुसऱ्याचे वाक्य

गोरव्याच्या घरी आमचे वडील आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’ची आठवण नेहमी काढीत. टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि पंत म्हणजे प्रभाकर जोशी. तिघे केवळ सहकारी. परंतु श्रोत्यांना ते एकच कुटुंब वाटे. वडील म्हणत, ‘‘खरे कसब ऐकण्याचे. रेडिओवर चेहरा दिसत नाही. दोघे एकदम बोलले, की दोघांचेही बोलणे वाया जाते.’’

२०२० साली कुडतरकर वयाच्या ९८व्या वर्षी निवर्तले, तेव्हा हे बोल आठवून आम्ही खजील झालो. धाकटी कन्या ‘‘बाबा, बारी...’’ एवढे म्हणते न म्हणते तोच आम्ही ‘‘खिडकी!’’ म्हणून तिला अडवीत असू. मुख्याध्यापकाची खोड! परिणामी ती आमच्याशी मराठीत बोलेनाशी झाली होती.

त्या दिवसापासून आम्ही तिचे वाक्य तिलाच पुरे करू देऊ लागलो. योग्य शब्द आमच्या उत्तरात सहज येई. हल्ली ती अडली, की स्वतःच विचारते, ‘‘बाबा, याला मराठीत काय म्हणतात?’’ पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहिलेल्या आमच्यासारख्या घरांनी मुलांना एवढी सवड द्यावयास हवी.