मालकांना भरपाई, राबणाऱ्यांना भाडेपट्टी



बार्बाडोस हे नाव आपण क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ऐकलेले. सोबर्स तिथलाच. कॅरिबियन भागातले हे बेट जेमतेम ४३० चौरस किलोमीटर. आपल्याकडचे कितीतरी तालुके याहून मोठे.

१६२७ साली इंग्रजांनी तिथे वस्ती केली. आधी तंबाखू आणि कापूस लावला. १६४० नंतर ऊस आला आणि राबायला आफ्रिकेतून गुलाम आणले. मग १६६० चा कायदा आला: साखर, कापूस, तंबाखू, नीळ हा माल इंग्रजी मुलखाबाहेर विकायचा नाही. डच व्यापारी चार पैसे जास्त देत असला तरी नाही. ही त्या काळची झोनबंदीच! १६६३ पासून बेटावरून जाणाऱ्या मालावर साडेचार टक्के कर बसला, तो १८३८ पर्यंत चालला. साखर शुद्ध करून पाठवावी तर इंग्लंडात जबर जकात. म्हणून कच्चीच जायची आणि शुद्धीकरणाचा नफा तिकडे राहायचा.

मळेवाल्यांची कीव करायचे मात्र कारण नाही. त्यांनी सारा भार गुलामांच्या पाठीवर टाकला. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी मोडली, तेव्हा साम्राज्यातल्या गुलाममालकांना २ कोटी पौंड भरपाई मंजूर झाली. राबणाऱ्यांना छदाम नाही. उलट १८३८ पर्यंत 'शिकाऊ' म्हणवून त्याच मालकाकडे बिनपगारी राबायचे.

पुढचे वाचून आमचा संताप जास्त झाला. जमीन जवळजवळ सगळी मळ्यांची. सुटलेला मजूर राहणार कुठे? मळ्याच्याच तुकड्यावर, भाड्याने, तिथेच काम करायच्या अटीवर. काम सोडले की जागा सोडा. म्हणून तिथल्या गरिबाने घर बांधले ते लाकडाचे, पाया न खणता दगडांवर नुसते टेकवलेले. हुसकावले की फळ्या सुट्या करायच्या, गाडीत घालायच्या, चालू लागायचे. देश १९६६ साली स्वतंत्र झाला. राहती जागा विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा व्हायला १९८० उजाडले.

२०१३ साली कॅरिबियन देशांनी भरपाईच्या मागणीसाठी आयोग नेमला. जुनी मढी कशाला उकरता, असे शहाणे लोक विचारतात. मालकांच्या भरपाईसाठी ब्रिटनने काढलेले कर्ज २०१५ साली फिटले. तोवर ते कोणाला जुने वाटले नव्हते. मग राबणाऱ्यांचाच हिशेब जुना कसा?